स्पोर्ट कोण लावतं?

यशोदाबाईंना संशय यायला फार काही लागत नसे. सगळं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं, शेवटी हेडबाई म्हणून निवृत्त झाल्या. तोंड फळ्याकडे आणि डोळे पाठीला, अशी त्यांची ख्याती होती. खडू कोणी फेकला हे त्या मागे वळायच्या आत सांगायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायच्या. क्वचित एखादं भलतंच पोर मार खाऊन जायचं. पण त्याबद्दल बाईंना जाब विचारणार कोण?

तर त्या सोमवारी संध्याकाळी सुनेबरोबर, म्हणजे तेजलबरोबर, त्या भाजी घ्यायला निघाल्या. गाडी मुलानं, बुद्धभूषणनं, गेल्या वर्षी घेतलेली. बिनक्लचची, ऑटोमॅटिक. तेजलनं ती सुरू केली तसा स्टिअरिंगमागचा वेग दाखवणारा पडदा लालभडक झाला आणि पाय लागतो न लागतो तोच गाडीनं फाटकाबाहेर अशी उसळी घेतली, की यशोदाबाईंच्या मांडीवरच्या पिशव्या थेट पायाशी गेल्या.

"अगं बाई! हे परत?" तेजल पुटपुटली. तिनं गिअरशेजारचं एक बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि गाडी एकदम गरीब झाली.

"परत म्हणजे?" यशोदाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

काही नाही! जिथं खरंच काही नसतं तिथं कोणी 'काही नाही' म्हणत नाही, हा यशोदाबाईंचा आयुष्यभराचा अनुभव. पाणी कुठंतरी मुरत होतं. त्यांनी बाजारात वांगी निवडली, कोथिंबिरीवरून भाजीवालीशी रीतसर भांडणही केलं, पण डोळ्यांपुढून तो लाल पडदा काही हलेना.

घरी येताच त्यांनी बुद्धभूषणला फोन लावला. त्याची नोकरी मालेगावला, शनिवारी घरी यायचा.

"तो स्पोर्ट मोड गं, आई," तो म्हणाला. "गाडी जरा तरतरीत होते. बंद करताना जो मोड असेल, तोच आपली गाडी पुढच्या वेळी धरते. कुणीतरी लावून ठेवला असेल."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"आता मी इथं मालेगावात बसून काय सांगू?"

'स्पोर्ट' या शब्दाचा अर्थ हेडबाईंना कुणी शिकवायला नको होता. स्पोर्ट म्हणजे शर्यत. शर्यत म्हणजे वेग. आणि त्याच गाडीतून त्यांची नात आरोही रोज शाळेत जात होती! दुसरीतलं पोर, शाळा पुणे रोडच्या पलीकडे, रस्त्यावर सिन्नरकडे जाणारे ट्रक आणि कंटेनर अंगावर येतात. त्या रस्त्यावर कोणीतरी त्यांच्या नातीला घेऊन शर्यत खेळत होतं. हे कोण करतंय ते शोधून काढायचं आणि त्याच्या हातून किल्ली काढून घ्यायची, एवढंच आता त्यांना दिसत होतं.

शोधायचं तरी कुणात? घरात गाडी चालवणारे तिघं. बुद्धभूषण आठवडाभर बाहेर, तो सुटला. दुसरे त्यांचे यजमान, सावळीराम. त्यांचं तर नावही मनात आलं नाही. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, साखरेचं दुखणं सांभाळणारे, मवाळ गृहस्थ. गाडी अशी चालवायचे की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी हात जोडायचा. "बाबा बिटको चौकात पोचेपर्यंत आम्ही सिन्नरला जाऊन येतो," असं कॉलनीतली पोरं म्हणायची, आणि सावळीराम स्वतःच त्यावर पहिले हसायचे. या माणसानं स्पोर्ट लावायचा म्हणजे म्हशीनं लांब उडीत नाव नोंदवायचं!

उरली तेजल. आणि तेजलकडे बघितलं की यशोदाबाईंना पुरावेच पुरावे दिसायला लागले. चालणं भरभर, जेवणं भरभर, बोलणं तर विचारूच नका. कॉलेजात कबड्डी खेळलेली. सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी, सकाळी कंपनीची बस पकडायची घाई. बस यायच्या आत आरोहीला शाळेत सोडून, गाडी दारात लावून ती पळायची. दुपारी पोरीला आणायचं काम सावळीरामांचं. म्हणजे घाई कुणाला? तेजलला. शितावरून भाताची परीक्षा झाली, निकाल तयार.

तरी बाई न्यायाच्या. नुसत्या संशयावर शिक्षा द्यायची नाही. त्यांनी पाळत ठेवली. तेजल गाडी लावून गेली की या बाहेर येऊन बॉनेटवर हात ठेवायच्या. गरम लागायचं. आता चालून आलेल्या गाडीचं बॉनेट गरम नाही लागणार तर काय फ्रीजसारखं लागणार? पण संशयी हाताला साधी उष्णताही कबुलीजबाब वाटते. शनिवारी बुद्धभूषण आला आणि जेवताना सहज बोलून गेला, "हल्ली गाडी पेट्रोल फार पितेय." झालं! यशोदाबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"पिणारच. शर्यतीच्या घोड्याला खुराक लागतोच. काय तेजल?"

तेजलनं मान वर केली. "म्हणजे काय, आई?"

"म्हणजे तो स्पोर्ट का फिस्पोर्ट लावून तू माझ्या नातीला घेऊन रस्त्यावर उड्या मारतेस, ते मला कळलंय म्हणायचं. जीव तुझा स्वस्त असेल, पोरीचा नाही."

"मी नाही लावत," तेजल म्हणाली. तिनं एकदा सासऱ्यांकडे बघितलं. सावळीराम खाली मान घालून वरणात भाकरी कुस्करत होते. ती आधीच पुरेशी कुस्करली होती, तरी कुस्करत होते.

"तू नाही, मग भूत लावतं का?"

"ते मला नाही सांगता यायचं."

"सांगता यायचं नाही की सांगायचं नाही?"

"आई, अगं जेवताना तरी..." बुद्धभूषण मध्ये पडला. त्याला नजरेनंच गप्प करण्यात आलं. तेजल उठली, खुंटीवरची किल्ली काढून तिनं यशोदाबाईंच्या ताटाशेजारी ठेवली. "ही घ्या. सोमवारपासून सकाळीही बाबाच सोडतील आरोहीला. माझ्यावर विश्वास नाही ना, मग नकोच."

यशोदाबाईंना थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हलकं वाटलं. आता सकाळ-दुपार नात सावळीरामांच्या हातात, आणि सावळीरामांच्या हातात म्हणजे देशातल्या सगळ्यात सावकाश हातात. तो पूर्ण आठवडा सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं झालं. भाजीत मीठ कमी पडलं तरी दोघींनी मुकाट्यानं खाल्लं.

आणि मग गुरुवारी एक भलतंच झालं. सावळीराम आंघोळीला गेलेले बघून यशोदाबाई त्यांची किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसल्या. ब्रेक न दाबता नुसतं स्टार्टचं बटण दाबलं की इंजिन सुरू होत नाही, पण पडदा लागतो, एवढं त्या बघून बघून शिकल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं.

पडदा लाल.

तेजलनं शनिवारपासून गाडीला हात लावला नव्हता. तिनं दिलेली दुसरी किल्ली? ती तर यशोदाबाईंच्याच कपाटात, साड्यांच्या घडीखाली. त्यांनी धावत जाऊन बघितलं. होती. मग लावतं कोण? आता खरी त्यांची झोप उडाली. त्यांनी दुपारी आरोहीला लाडू दिला आणि जवळ घेतलं. साक्षीदाराला आधी लाडू द्यावा, हे त्यांना शाळेनंच शिकवलं होतं.

"आई गाडी फार पळवायची का गं?"

"नाही. आईची गाडी झोपाळू असते," आरोही लाडू खात म्हणाली. "आजोबांची गुरगुरते."

"आजोबांची?"

"हो. आजोबा बटण दाबतात आणि म्हणतात, बोल गं बाई बोल. मग ती बोलते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सुनेला ताटावरून उठवलं, आणि चोर शेजारी बसून वरण-भाकरी खात होता. पण छे, हे पटण्यासारखं तरी होतं का? या माणसाला स्पोर्ट हवाय कशाला? या वयात कुणावर छाप पाडायची आहे? एक क्षणभर त्यांनी कोपऱ्यावर दुधाचं केंद्र चालवणाऱ्या वत्सलाबाईंचासुद्धा विचार करून बघितला, आणि मग त्यांनाच स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावळीराम आरोहीला आणायला निघाले तशा या पदर खोचून पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"तू कशाला उन्हाची?" सावळीराम म्हणाले.

"का? मी आले तर अडचण आहे काही?"

"अडचण कसली," ते म्हणाले. गाडी सुरू केली. यशोदाबाईंनी मुद्दाम आधीच येऊन ते मोडचं बटण दाबून ठेवलं होतं, म्हणून पडदा निळा लागला. आणि त्यांचा हात आपसूक त्या बटणाकडे गेला, माणूस पेपर उघडायच्या आधी चष्म्याकडे हात नेतो तसा. पडदा लाल झाला, इंजिन गुरगुरलं. यशोदाबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली. आता निघाली शर्यत!

कसली शर्यत आणि कसलं काय. गाडी गुरगुरत होती आणि चालली होती बैलगाडीसारखी. एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं.

"अहो, एवढंच चालवायचं तर तो स्पोर्ट कशाला?"

"मजा वाटते गं. म्हातारपणची हौस." सावळीराम हसले. ते जरा जास्तच वेळ हसले. यशोदाबाईंनी कान टवकारले. खडू फेकलेली पोरं अशीच हसतात.

पुढं सिग्नल लाल झाला. सावळीरामांनी एकदम मान खाली घातली आणि आपल्या पायांकडे बघितलं. गाडी पांढरे पट्टे ओलांडून पुढं गेली आणि थांबली. रस्ता ओलांडणारी एक बाई डोक्यावरच्या पाटीसकट दचकून मागं सरली. "ओ बाबा, डोळे फुटले का?" ती ओरडली.

"खाली काय बघता? रस्ता वर आहे!" यशोदाबाईही ओरडल्या.

"चप्पल जरा सटकली," सावळीराम म्हणाले. चप्पल सटकली नव्हती. यशोदाबाईंनी वाकून बघितलं होतं.

त्या गप्प बसल्या. हेडबाई गप्प बसल्या की शाळा घाबरायची, तसे सावळीरामही परत येताना एक शब्द बोलले नाहीत. मागच्या सीटवर आरोही तेवढी कविता म्हणत होती.

शनिवारी आरोहीची शाळा अर्ध्या दिवसाची असे. सकाळी तिला सोडून सावळीराम परत आल्यावर यशोदाबाई दोन गल्ल्या ओलांडून राखीकडे गेल्या. राखी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिची स्वतःची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती आणि कॉलनीतल्या निम्म्या बायका तिच्याच हाताखाली शिकलेल्या.

"जय भीम, बाई! आता तुम्ही शिकणार की काय?"

"जय भीम. शिकायला नाही, विचारायला आले. हा स्पोर्ट मोड म्हणजे नक्की काय भानगड असते?"

राखीला हसू आलं. तिनं खुर्ची पुढं सरकवली. "भानगड नाही हो. लोकांना वाटतं बटण दाबलं की गाडीत जास्त ताकद येते. तसं नाही. इंजिन तेच, ताकद तीच. फक्त गाडी तुमच्या पायाचं लवकर ऐकते. साध्या मोडमध्ये पेडल थोडं दाबलं तर गाडी म्हणते, बरं, निघते हळूहळू. स्पोर्टमध्ये तेवढंच दाबलं तरी लगेच उठते. गिअरही चटकन वरचा टाकत नाही, खालच्याच गिअरमध्ये इंजिन जोरात फिरवत ठेवते. म्हणून आवाज जास्त, पेट्रोल जास्त. स्टिअरिंगही जरा घट्ट होतं. ओव्हरटेक करताना, घाट चढताना बरं पडतं."

"म्हणजे तो लावला की गाडी पळवलीच पाहिजे असं नाही."

"मुळीच नाही. वेग तुमच्याच पायात."

"मग सावकाश चालवणारा माणूस तो कशाला लावेल?"

राखीनं विचार केला. "मला तरी कारण दिसत नाही. आणि शहरात साधा मोडच बरा, किती शांत असतो! आमच्या शिकणाऱ्या बायका तर तक्रार करतात, की मॅडम, गाडी इतकी गप्प असते, की पाय पेडलवर आहे का नाही तेच कळत नाही. मी म्हणते, आवाजावर कशाला जाता, तळव्याला कळतं ना!"

यशोदाबाईंना आरोहीचे शब्द आठवले. बोल गं बाई बोल. मागच्या महिन्यात सावळीराम कोपऱ्यावरून एकाच पायात चप्पल घालून घरी आले होते. दुसरी कुठं पडली त्यांना पत्ताच नव्हता. सगळं घर हसलं होतं, विसरभोळे म्हणून त्यांची टिंगल झाली होती, आणि सगळ्यात मोठ्यानं यशोदाबाई हसल्या होत्या. चप्पल विसरता येते हो, पण तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय टाकलेला कोण विसरतो?

"राखी," त्यांनी विचारलं, "आणि ब्रेक? स्पोर्टमध्ये ब्रेकही तसा आवाज करतो?"

"ब्रेकला कुठला आलाय आवाज, बाई? बटण कुठलंही दाबा, ब्रेक तोच. तो पायालाच कळला पाहिजे."

यशोदाबाई उभ्या राहिल्या, परत बसल्या, परत उभ्या राहिल्या. त्यांनी सावळीरामांना फोन लावला. सावळीरामांची आरोहीला आणायला निघायची वेळ झाली होती. "अहो, कुठं आहात? निघू नका! मी सांगते म्हणून निघू नका!" फोनवरून सावळीराम म्हणाले, "दाराशीच आहे, पण पोरगी वाट बघेल ना." राखीला सगळं कळलं नाही, पण बाईंचा चेहरा कळला. "आरोहीला मी घेऊन येते," ती म्हणाली आणि तिनं आपल्या गाडीची किल्ली उचलली.

वाटेत यशोदाबाईंनी तेजलला फोन लावला. तिनं दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला.

"तुला माहीत होतं, स्पोर्ट हे लावतात?"

"हो. वाटलं, बाबांना हौस असेल. तुम्ही त्यांना बोलला असता सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं, जाऊ दे, माझ्यावरच येऊ दे."

"चुकलं माझं, पोरी," यशोदाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून तेजलनं कधी ऐकलं नव्हतं. "लवकर घरी ये. आणि तुझी किल्ली तू घे."

सावळीराम ओट्यावर बसले होते. पायात चपला, मुठीत किल्ली. बायकोचं तोंड बघून त्यांनी किल्ली आपण होऊनच खाली ठेवली.

"कधीपासून?" यशोदाबाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला बनवू नका. पाय."

सावळीराम रस्त्याकडे बघत राहिले. "जास्त काही नाही गं. जरासा बधिर झालाय, शुगरवाल्यांचा होतो. आवाज आला की मला बरोबर कळतं कुठवर दाबलंय ते. इतके दिवस कुठं धक्का तरी लागला का?"

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस." त्यांनी पुन्हा रस्त्याकडे तोंड फिरवलं. "दुपारी पोरीला आणायचं, एवढंच काम आहे मला दिवसभरात. शाळेच्या फाटकातून 'आजोबा' म्हणून धावत येते ती. ते गेलं की मग मी काय, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसू?"

यशोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि नवऱ्याच्या पायातल्या चपला त्यांनी काढून बाजूला ठेवल्या.

"डोळे मिटा."

"हे काय आता? परीक्षा?"

"परीक्षाच. मी बोट धरते, कुठलं ते सांगायचं."

सावळीरामांनी डोळे मिटले. यशोदाबाईंनी डाव्या पायाचं बोट हलकेच धरलं. "करंगळी," ते म्हणाले. त्यांनी दुसरं धरलं. "मधलं. अगं, जरासंच आहे म्हटलं ना तुला, उगाच बाऊ करतेस. बघ, पास झालो की नाही?"

"हा डावा. आता उजवा."

उजव्या पायाचा अंगठा त्यांनी चिमटीत धरला. जरा जोर दिला. मग अजून. मग नख पांढरं पडेपर्यंत सगळा जोर लावून त्यांनी तो दाबला, आणि वर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

सावळीराम मिटल्या डोळ्यांनी, हसऱ्या तोंडानं वाट बघत होते.

"धर की गं," ते म्हणाले. "कधीचा थांबलोय."